आडवाटेची मोटारसायकल शोरूममध्ये पूर्ण होत नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे ॲडव्हेंचर मोटारसायकलींविषयी बरेच छापून येत आहे. विषय घेतलात याचा आनंद आहे, कारण आमच्या सातारा भागात शनिवार-रविवारी या गाड्यांची रांगच्या रांग घाटाकडे निघालेली दिसते आणि तरुणांना या विषयाची खरी भूक आहे. मात्र त्या लेखांत गाडीच्या 'तयारी'चा जो भाग असतो, तो वाचून हे पत्र लिहावेसे वाटले. तयारी म्हणजे काय काय विकत घ्यावे याची यादी, अशी समजूत त्यातून होते: जाडजूड लेगगार्ड, पत्र्याच्या पेट्या, जादा दिवे, उंच काच, वेगळा सायलेन्सर. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यांत्रिक मोटारगाडी हा व्यवसाय शिकवून निवृत्त झालो आहे आणि आजही माजी विद्यार्थ्यांच्या गॅरेजांत माझे जाणे-येणे असते. पावसाळ्याच्या अखेरीस या गाड्या तिथे ज्या अवस्थेत येतात ते पाहता हा सारा आधी कळस मग पाया असा प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आडवाटेच्या गाडीसाठी आधी एक दुपार द्यावी आणि चार पाने (स्पॅनर) हाती घ्यावेत. मग जो पैसा घालायचा तो नजरेत न भरणाऱ्या खालच्या भागात घालावा.

एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे, ती ही की कंपन्यांनी त्यांचे काम बऱ्यापैकी केले आहे. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ साली आली आणि हीरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली. दोन्हींना पुढे २१ इंची चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची आणि खड्डा पचवण्याइतकी सस्पेन्शनची लांब चाल (म्हणजे चाक वर-खाली होण्याचे अंतर) कंपनीकडूनच मिळाली. त्याआधी अशी गाडी हवी असेल तर साध्या गाडीवर कापाकापी तरी करावी लागे किंवा परदेशी गाडीचे दाम तरी मोजावे लागत. २०२० साली आलेली केटीएमची ३९० ॲडव्हेंचर तर आपल्या चाकणलाच तयार होते. तेव्हा गाडीची ताकद कमी पडली, असे म्हणण्याची वेळ फार थोड्यांवर येते. अडचण एवढीच की कारखान्यातून निघताना गाडी कोणा एका सरासरी वजनाच्या, सरासरी उंचीच्या आणि बहुतेक वेळ डांबरावर बसून जाणाऱ्या माणसासाठी जुळवलेली असते, आणि शोरूममधून हार घालून ती तशीच हातात दिली जाते.

कच्च्या वाटेवर बराच वेळ फूटरेस्टवर उभे राहून गाडी चालवावी लागते. तसे केल्याने चालवणाऱ्याचे वजन सीटऐवजी खाली फूटरेस्टवर जाते, गाडीला त्याच्या पायांमध्ये मोकळेपणी हलता येते आणि धक्के गुडघे घेतात. शोरूममधले हँडल आणि लिव्हर मात्र बसलेल्या माणसाच्या हिशोबाने लावलेले असतात. उभे राहिल्यावर मनगट वरच्या अंगाला मोडते, अर्ध्या तासात हात भरून येतात आणि नेमक्या उताराला ब्रेकची बोटे उशिरा आवळली जातात. यावर इलाज फुकट आहे. रोजचे बूट घालावेत, कोणाला तरी गाडी सरळ धरायला सांगावे, गुडघे किंचित वाकवून फूटरेस्टवर उभे राहावे आणि हात आपोआप कुठे पडतात ते पाहावे. हँडलचा क्लॅम्प सैल करून ते किंचित पुढे फिरवावे आणि कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा येईल इतके दोन्ही लिव्हर खाली घ्यावेत. लिव्हरचे क्लॅम्प आवळताना हाताने हलणार नाहीत, पण गाडी पडल्यावर फिरतील, एवढेच आवळावेत. ते फिरले नाहीत तर लिव्हर तुटते. मागच्या ब्रेकचे पेडल उभ्याने बुटाला सापडेल अशा उंचीवर आणावे आणि त्यानंतर मागचे चाक हाताने मोकळे फिरते ना हे पाहावे, कारण पेडल जास्त खाली ओढले गेले की पॅड डिस्कला घासत राहतात आणि घाट संपेपर्यंत ब्रेक तापून निकामी होतो. फूटरेस्टवरचे रबर अनेक गाड्यांत निघते आणि खाली दातेरी पोलाद असते; पावसात ते रबर काढून ठेवणेच बरे. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते आहे असे समजावे.

सस्पेन्शनबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. 'मागचा शॉक कडक करून दे' असे सांगत गाड्या गॅरेजला येतात. मेकॅनिक सी-पान्याने स्प्रिंगवरची रिंग दोन घरे फिरवतो आणि गिऱ्हाईक समाधानाने जाते. वास्तविक रिंग फिरवल्याने स्प्रिंग मुळीच कडक होत नाही. ती होती तेवढ्याच ताकदीची राहते, फक्त गाडीचा मागचा भाग किती उंच राहील ते बदलते. पाहायचे असते ते हे, की सगळा सरंजाम घालून माणूस गाडीवर बसला की सस्पेन्शन एकूण चालीच्या किती भागाने खाली जाते. साधारण एक तृतीयांश, असा ठोकताळा आहे. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनला मागे १८० मिलिमीटर चाल आहे, म्हणजे ५५ ते ६० मिलिमीटर बसली पाहिजे. मोजणे सोपे आहे. मागचे चाक जमिनीपासून उचलून, शॉक पूर्ण उघडा असताना, चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत टेपने अंतर घ्यावे. मग हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी, मागे बांधायचे सामान या सगळ्यासह बसून, गाडी एक-दोनदा दाबून सोडून, तेच अंतर पुन्हा घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे उत्तर. फरक जास्त आला तर रिंग आवळावी, कमी आला तर सोडावी.

यातली खोच पुढे आहे. बसल्यावरचे माप बरोबर आणायला रिंग इतकी आवळावी लागली की रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही खाली जात नाही, तर स्प्रिंग त्या माणसाला आणि त्याच्या सामानाला कमी पडते आहे, आणि कितीही रिंग फिरवली तरी ते दुखणे जाणार नाही. इथे मात्र योग्य ताकदीची स्प्रिंग विकत घेणे हाच उपाय. वजनदार माणूस, मागे जोडीदार आणि दोन पेट्या अशा संसाराला कंपनीची स्प्रिंग पुरत नाही. पेट्या घेण्याआधी स्प्रिंग घेतली असती तर पेट्यांचे कोपरे दगडाला घासले नसते. पुढच्या फोर्कमधले, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधले, तेलही कोणी आठवणीने बदलत नाही. इंजिन ऑइल काळे झालेले दिसते, फोर्कमधले दिसत नाही, एवढेच काय ते कारण. फोर्क-सीलमधून तेल पाझरू लागले की लगेच सील बदलण्याची घाई करू नये. अनेकदा सीलच्या ओठाखाली चिखलाचा कण अडकलेला असतो. वरची धूळटोपी सीलपासून दूर सरकवून, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी आत सारून दांडीभोवती फिरवली की तो कण निघून येतो आणि पाझर थांबतो. फिल्म आता घरोघरी उरली नाही, पण तेवढ्याच जाडीचे गुळगुळीत प्लास्टिकही चालते.

टायरबाबत आधी हवेचे बोलू. डांबरावर मागच्या चाकात ३० पाउंडांच्या आसपास हवा असलेली गाडी सुट्या मुरमावर किंवा लाल चिखलात तशीच नेली तर टायर जमिनीला नीट बिलगत नाही. २० ते २२ पाउंडांवर आणली की तोच टायर वेगळा वागतो. मात्र हे सगळीकडे लागू नाही. नदीपात्रातल्या किंवा घाटपायथ्याच्या टोकदार दगडांवर इतकी हवा कमी केली तर दगड आणि रिम यांच्या कात्रीत ट्यूब सापडते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात; रिमलाही पोचा येतो. वजनदार गाडी आणि सामान असेल तर आणखी जपून. आणि डांबर लागले की थांबून हवा परत भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप किंवा सायकलचा हातपंप जवळ हवाच. हा पंप जादा दिव्यांच्या जोडीपेक्षा किती तरी स्वस्त पडतो, आणि तरीही दिवे असलेल्या कितीतरी गाड्यांवर तो नसतो.

ट्यूब असलेल्या चाकाची आणखी एक बारीक गोष्ट. व्हॉल्व्हच्या देठावर एक छोटा नट असतो आणि पंक्चर काढणारे बहुतेक कारागीर तो रिमला घट्ट आवळून टाकतात. हवा कमी असताना जोरात ब्रेक लावला किंवा एकदम ॲक्सिलरेटर दिला, की टायर रिमवर किंचित सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूबही सरकते. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह ट्यूबपासून मुळातून फाटतो आणि त्याला ठिगळ लागत नाही. हा नट सैल करून वर टोपीला टेकवून ठेवावा. मग ट्यूब सरकली तर देठ तिरका झालेला सकाळी नजरेस पडतो आणि वेळीच टायर सैल करून ती जागेवर आणता येते. तालुक्याच्या गावी २१ इंची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नये. जागा एकाच ट्यूबची असेल तर पुढच्या चाकाची घ्यावी, कारण अडीअडचणीला ती मागच्या लहान चाकात कोंबून घरी येता येते. उलटे करता येत नाही. नव्या हिमालयन ४५० ला तारांची ट्यूबलेस चाके कंपनीकडूनच मिळू लागली आहेत, त्यामुळे साध्या पंक्चरची ही यातायात वाचते. पण दगडाने रिमची कड वाकली की हवा तिथून जाते, म्हणून त्यांनीही ट्यूब सोबत ठेवावी. टायरच्या नक्षीविषयी एवढेच, की मोठ्या ठोकळ्यांचे टायर चिखलात चांगले असले तरी भिजलेल्या डांबरी घाटात त्यांचा ब्रेक भरवशाचा नसतो आणि ते लवकर झिजतात. दिवसभर महामार्ग तुडवून तासभर पाणंद रस्त्यावर जाणाऱ्याने मधल्या नक्षीचे टायर घ्यावेत. (मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांनी कोणते घ्यावेत, हा प्रश्न मी शासनावर सोपवतो.)

आता सामानसुमान. इंजिनाखालची संरक्षक प्लेट आणि हँडलला दोन्ही टोकांना पक्के केलेले हातगार्ड, हे दोन खर्च मी योग्य मानतो. पहिल्याने इंजिनाचे कवच वाचते आणि दुसऱ्याने लिव्हर. पण प्लेट लावली म्हणजे विसरून जायचे नसते. पावसाळ्यात प्लेट आणि इंजिन यांच्या मधल्या पोकळीत ओला चिखल साचून राहतो, वाळला की विटेसारखा घट्ट होतो, आणि त्याखाली बोल्ट गंजतात. महिन्यातून एकदा प्लेट उतरवून तो गाळ काढला पाहिजे. पत्र्याच्या पेट्यांविषयी मी साशंक आहे. चिखलात तोल सावरायला पाय खाली टेकला आणि गाडी पुढे सरकली, तर पाय पेटीखाली सापडतो. कापडी पिशव्या दिसायला साध्या, पण हलक्या आणि पायाला दयाळू असतात. सामान कुठलेही असो, जड वस्तू खाली आणि जमेल तेवढ्या पुढे. मागच्या कॅरिअरच्या टोकाला बांधलेल्या दहा किलोंनी पुढचे चाक हलके पडते आणि चढाला गाडी वळायचे नाव घेत नाही. एक्सपल्स दीडशे किलोंच्या आसपास आणि हिमालयन दोनशेच्या आसपास भरते. चिखलात पडलेली गाडी उचलताना यातला फरक पाठीला कळतो, तेव्हा त्यावर आणखी किती लोखंड चढवायचे याचा विचार ज्याने त्याने करावा.

कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे, कारण पुरवणीतल्या लेखांत तो नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सायलेन्सर बदलून आवाज करणारे डोंगरातल्या गावांना किती त्रास देतात ते तर वेगळेच. दुसरे एबीएसबाबत, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेबाबत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व दुचाकींना ते बंधनकारक आहे. सुट्या उतारावर मागचे चाक किंचित लॉक करता येणे सोयीचे असते, आणि त्यासाठी काही गाड्यांत मागचे एबीएस तात्पुरते बंद करण्याचे बटण कंपनीनेच दिलेले आहे. ज्यांना बटण नाही ते फ्यूज काढून ठेवतात. त्याने पुढच्या चाकाचेही एबीएस जाते, आणि संध्याकाळी भिजलेल्या घाटातून परतताना फ्यूज परत बसवायचे लक्षात राहत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा चिखलाचा आहे. महाबळेश्वर, पाटण, कोकण या पट्ट्यातली जांभ्याची लाल माती पाण्यात मिसळली की तिचा जो पातळ रबडा होतो, तो सीलच्या फटीतून आत शिरतो आणि घासकामाच्या लेपासारखा धातू खात बसतो. ऑक्टोबरमध्ये आलेल्या एखाद्या गाडीचे मागचे चाक काढून बेअरिंगचे सील उचकटले, की ग्रीसच्या जागी लाल गाळ दिसतो आणि बोटाने फिरवल्यावर बेअरिंग खरखरते. गाडी बाहेरून लख्ख धुतलेली असते, आणि त्या धुण्यातच अर्धे कारण आहे. वॉशिंग सेंटरमध्ये पाण्याचा जोरदार फवारा थेट चाकाच्या मध्यावर, हँडलच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगवर), चेनवर आणि मागच्या चिमट्याच्या (मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) सांध्यावर मारला जातो. चिखल जिथवर स्वतःहून पोहोचला नसता तिथवर त्याला हे पाणी पोहोचवते आणि असलेले ग्रीस वाहून नेते. वर चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी डिझेल फवारतात. ते रबराला, चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंगांना आणि ब्रेकच्या पॅडला सारखेच घातक आहे. बादली, साधा पाइप, मऊ ब्रश आणि थोडा धीर एवढ्यावर गाडी धुता येते. मात्र ओढ्यात गाडी उभी करून धुऊ नये. चेनचे तेल आणि ग्रीस खाली पाणी भरणाऱ्या गावाच्या घागरीत जाते. धुतल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबत चालवून डिस्क सुकवाव्यात आणि मगच गाडी झाकून ठेवावी.

पावसाळा संपला की कोनसेट, चिमट्याचे बुश किंवा बेअरिंग, आणि ज्या गाड्यांना मागच्या शॉकखाली लिंकेज (जोडपट्ट्या) आहे त्यांचे सांधे उघडून, रॉकेलने धुऊन, पाण्याने न सुटणारे ग्रीस भरून परत बसवावेत. हे काम कंपनीच्या ठरावीक सर्व्हिसमध्ये सांगितल्याशिवाय क्वचितच होते, कारण त्यात वेळ जातो आणि उघडून पाहिल्याखेरीज कोणाला काही दिसत नाही. ब्रेकच्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांनाही हेच लागू आहे. त्या चिखलाने अडकल्या की एकच पॅड झिजते आणि माणूस दुसऱ्या, जाड राहिलेल्या पॅडकडे पाहून निर्धास्त राहतो. लाल रबड्यात एरवी वर्ष काढणारे पॅड एका पावसाळ्यात धातूपर्यंत जाऊ शकतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलणे आवश्यकच आहे.

चेनविषयी एक परंपरागत चूक सगळीकडे आढळते, ती म्हणजे ती ताठ ठेवणे. लांब चालीच्या सस्पेन्शनमध्ये चिमटा वर-खाली होताना पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक), चिमट्याचा खिळा आणि मागचा आस हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर लावून बघितलेली ताठ चेन नेमकी तिथे अपुरी पडते. मग खड्ड्यात गाडी आपटली की तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो आणि चेन वाचली तरी बेअरिंग बसते. खात्री करायची असेल तर दोघांना मागे बसवून गाडी त्या रेषेपर्यंत दाबावी आणि त्या स्थितीतही चेनला बोटभर ढील उरते का ते पाहावे. मग स्टँडवर असताना ती किती सैल दिसते ते मोजून ठेवावे. पुढच्या वेळी तेच माप. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नये, रॉकेल आणि मऊ ब्रश वापरावा, पुसून कोरडी करावी आणि ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंबाथेंबाने सोडावे. जोडकडीची क्लिप असेल तर तिचे बंद तोंड चेन जाते त्या दिशेला हवे. ते उलटे बसवलेले मी अनुभवी हातांकडूनही पाहिले आहे.

ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर पुढे जाऊच नये, हे सांगण्याची गरज पडू नये. लहान ओढा पार करतानाही आधी चालत जाऊन तळ पाहावा. गाडी पाण्यात आडवी झालीच तर पहिल्यांदा इंजिन बंद करण्याचे लाल बटण दाबावे, गाडी बाहेर काढावी आणि स्टार्टरला हात लावू नये. फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही. दट्ट्या (पिस्टन) त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टरची पेटी उघडून पाणी काढावे, स्पार्क प्लग काढावा आणि मगच इंजिन फिरवून उरलेले पाणी छिद्रातून बाहेर फेकू द्यावे. गाडी नंतर सुरळीत चालू झाली तरी ऑइलची खिडकी पाहावी. आतला रंग दुधाळ झाला असेल, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळले असेल, तर त्याच ऑइलवर घर गाठण्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात हेच दुखणे धुळीचे असते: पुढच्या गाडीच्या धुरळ्यात दिवसभर चालवलेल्या गाडीचा कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून झटकावा, बाहेरून आत नव्हे.

हे सगळे कधी करायचे, याचे उत्तर किलोमीटरच्या काट्यात सापडत नाही. कंपनीची सर्व्हिस पुस्तिका डांबराचा हिशोब धरून पाच-दहा हजार किलोमीटरचे टप्पे सांगते. पाणंदीतले चाळीस किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवसभर चालतात, इंजिन तेवढेच तास तापते, क्लच तेवढ्याच वेळा घासतो, आणि काटा मात्र जेमतेम हलतो. माझ्या मते चिखलाचा प्रत्येक दिवस ही स्वतंत्र नोंद असावी आणि घरी आल्यावरचा अर्धा तास हा त्या सहलीचाच भाग धरावा. चाकाच्या तारा एकेक करून पान्याने हलकेच वाजवाव्यात. ताणलेली तार टणक वाजते, सैल झालेली बद्द. एखादी सैल सापडली तर तीच थोडी आवळावी, सगळ्या आवळत सुटू नये, नाहीतर चाकाला आउट येतो (ते डगमगत फिरते) आणि तो काढायला जाणता कारागीर शोधावा लागतो. महत्त्वाच्या बोल्टांवर, म्हणजे लिंकेज, फूटरेस्ट, कॅलिपर, प्लेट, सामानाची चौकट यांवर, नट आणि बोल्ट दोघांवरून जाणारी पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. एवढ्या साध्या युक्तीने रस्त्यात बोल्ट गळण्याचे बहुतेक प्रकार टळतात. दिवे लावायचेच असतील तर रिले आणि फ्यूजसह लावावेत. मूळ वायर सोलून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या मोठ्या सरीत दगा देतो.

डकार रॅली या वाळवंटातल्या अनेक दिवसांच्या शर्यतीत बाहेरची कोणतीही मदत न घेता स्वतःच्या गाडीची देखभाल स्वतःच करणाऱ्या स्पर्धकांचा वेगळा गट असतो. २०१५ साली सी. एस. संतोष ती रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले आणि २०२४ साली हरिथ नोआ यांनी तिथला मोटारसायकलींचा रॅली-२ हा गट जिंकला, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांना डकारची नावे पाठ आहेत. त्या रॅलीतला हा गटही त्यांनी एकदा पाहावा. मागच्या आसाचा नट ज्या मापाच्या पान्याने निघतो तो पाना आपल्या पिशवीत आहे का, एवढे तरी निघण्यापूर्वी तपासावे. ट्यूब आहे, पंप आहे, टायर उचकटायच्या पट्ट्या आहेत आणि चाकच निघत नाही, अशी माणसे रस्त्यात भेटतात. क्लचची जादा वायर जुन्या वायरीच्या शेजारूनच ओढून बांधून ठेवली तर ती बदलायला अंधारातही अडचण येत नाही.

गाडी इतकी तयार झाली म्हणजे ती कुठेही न्यावी, असा मात्र अर्थ होत नाही. कास, चाळकेवाडी आणि कोकणातले सडे (कातळी पठारे) बाहेरून ओसाड दिसतात. तिथल्या बोटभर मातीच्या थरात पावसाळ्यातली सगळी फुले असतात, आणि त्या मातीत टायरने पाडलेला चर वर्षानुवर्षे भरत नाही. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि त्यांतली कितीतरी अजून मातीखाली झाकलेली असू शकतात. कोयना-चांदोलीच्या व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय शिरणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालील गुन्हाच आहे. पाणंद, गाडीवाट, धरणाच्या बाजूचे जुने मुरमाचे रस्ते एवढे आडरान आपल्याला पुरेसे आहे.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की गाडी ताब्यात देताना फोटोला जितका वेळ दिला जातो, तितकाच गिऱ्हाइकाला गाडीवर उभे करून लिव्हर जुळवायला आणि बसल्यावरचे सस्पेन्शन मोजायला द्यावा. दोन्हींसाठी एक टेप आणि दोन पाने पुरतात. आणि आपल्याला विनंती अशी की पुरवणीत पावसाळ्यापूर्वीच्या आणि पावसाळ्यानंतरच्या देखभालीचा एक तक्ता, चित्रांसह आणि गॅरेजमधल्या शब्दांत, अवश्य छापावा. मजकूर तपासून द्यायला मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो छापून आला तर पहिल्या पावसाआधी लोकांच्या हाती दोन-तीन रविवार राहतील.

आपला नियमित वाचक,
निवृत्त शिल्पनिदेशक (यांत्रिक मोटारगाडी), सातारा